प्रिंटरला कुणी सांगितलंच नाही

प्रिंटर दुरुस्तीला बोलावलेला तो माणूस एकदाच आला, नाव विचारायचं राहून गेलं.

एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात काहीही बंद पडलं की आम्ही म्हणतो, आत कापूस गेला असेल. प्रिंटर थांबला तेव्हाही आम्ही दोन दिवस त्यात हवाच मारत होतो. गेटवर भरलेला ट्रक मालासोबतच्या चलनाच्या कागदासाठी उभा. पहिल्याच दिवशी कागद अडकला म्हणून मी ऑफिसातल्या बाईंना फटकारलं होतं, "आता हात लावू नका."

त्याने चप्पल दाराबाहेर काढली आणि प्रिंटर न उघडता थेट कॉम्प्युटरसमोर बसला. आमचा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी टाइप करून, आम्ही पुन्हापुन्हा बटण दाबून रांगेत साठवलेल्या चलनाच्या प्रती त्याने एक सोडून सगळ्या पुसल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "प्रिंटर चांगला हाय की, साहेब. कागद अडकला तवा लिनक्सनं त्याला थांबवलं. कागद तुमी काढला, पण आता चालू हो, असं कुणी सांगितलंच न्हाय."

त्याने एक ओळ लिहिली. चलन बाहेर आलं.

तो गेल्यावर मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. दोन दिवस त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"पुढचं चलन तुम्हीच काढा," मी म्हणालो.

त्या उठल्या. प्रिंटरजवळ जाऊन थांबल्या.

"हात लावू का, साहेब?"