रफीकभाईंचे वायपर

आमच्या कार-पूलचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. मुकुंदवाडी ते वाळूज रोजचं जाणं-येणं, आणि मधे नगर नाक्याचा ट्रॅफिक. गाडी अडकली की माणूस बोलतो, आणि त्या बोलण्यातून काही ना काही मागं उरतंच.

आम्ही तिघं होतो. मी जाधव, डिस्पॅचमध्ये. क्वालिटीच्या वैशाली मॅडम. आणि टूलरूमचे रफीकभाई. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा रफीकभाईंची. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, दोन्ही पांढऱ्या. फरक फक्त पावसात दिसायचा.

त्यांचा वायपर फिरला की काच आरशासारखी. माझा फिरला की किर्रर्र आवाज, आणि काचेवर पाण्याचे पट्टे. छावणीजवळ एकदा मला पुढचा ट्रक दिसलाच नाही. अगदी जवळ जाऊन करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरून वैशाली मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जाधव, पावसाळाभर रफीकभाईंचीच गाडी काढायची का?"

त्या दिवशी जेवताना रफीकभाईंनी मला त्यांच्या डब्यातला खिमा वाढला. मी पोट भरलंय म्हणून सांगितलं.

•

मग मी नवे वायपर घ्यायचे ठरवले. रफीकभाईंचे वायपर मला लांब वाटायचे. म्हणून मी त्यांच्याहून लांब घेतले, दोन्हीकडं सारखेच. जास्त लांब म्हणजे जास्त काच पुसणार, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी वाळूजच्या अलीकडच्या पंढरपूर गावच्या पुलाजवळ सर आली. मी ऐटीत बटण दाबलं. दोन्ही वायपर निघाले, मधे एकमेकांवर आदळले आणि एकावर एक चढून तिथंच अडकले. गाडी बाजूला घेऊन मी भिजत ते सोडवले.

रफीकभाई छत्री धरून उभे होते. "जाधव, ड्रायव्हरकडचा मोठा असतो आणि दुसरीकडचा लहान. म्हणून तर भांडत नाहीत."

वैशाली मॅडम म्हणाल्या, "ह्यांचे वायपरसुद्धा जळतात एकमेकांवर."

•

शेवटी रफीकभाईंच्या नेहमीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. सरळ सांगितलं, "टूलरूमच्या रफीकभाईंच्या गाडीला आहेत, तेच द्या."

दुकानदारानं सिलिकॉनचे काढले. "साध्या रबराला इथलं ऊन सोसत नाय. दोन उन्हाळ्यांत कडक होतं, चिरा पडतात. हे टिकतील. धार बोटानं दाबून बघा, वाकून परत सरळ झाली पाहिजे."

धार वाकली, परत सरळ झाली. मला लई आनंद झाला.

मग तो बसवायला बाहेर आला आणि काचेवरून हात फिरवत थांबला. काचेवर कमानीसारखा एक ओरखडा होता. जुनं रबर फाटून आतली पट्टी काचेला घासत होती, आणि मी तसाच चालवत राहिलो होतो.

"वायपर तेच हायेत साहेब," तो म्हणाला. "काच ती नाय."

नव्या वायपरनं पट्टे गेले, पण त्या ओरखड्यापाशी आला की तो थरथरून किर्र करायचाच.

•

आता राहिली पार्किंगची जागा. रफीकभाईंच्या आठवड्यात त्यांची गाडी रोज कंपनीच्या गेटाशेजारच्या कडुनिंबाखाली सावलीत असायची, माझ्या आठवड्यात माझी उन्हात. वायपर टिकवायचे तर सावली पाहिजे. माझ्या गाडीचा आठवडा आला तसा मी दोघांनाही लवकर उठवलं आणि ती जागा पकडली. वैशाली मॅडम पूर्ण रस्ताभर जांभया देत होत्या.

संध्याकाळी येऊन बघतो तर काचेवर पाखरांनी नक्षी काढलेली, आणि वर निंबोळ्यांचा चिकट रस. घाईघाईत वायपर चालवला. सगळं काचभर पसरलं.

रफीकभाईंनी डिकीतून पाण्याची बाटली आणि मऊ फडकं काढून दिलं. हे फडकं ते माझ्या गाडीत कधी ठेवून गेले होते, मला माहीत नव्हतं. "आधी काच धुवायची, मग वायपरची धार ओल्या कपड्यानं पुसायची," ते म्हणाले. "मी रोज करतो. त्या झाडाखाली करावंच लागतं."

त्या फडक्याचासुद्धा मला राग आला.

•

ऑगस्टमध्ये गंगापूरला माझ्या मेहुणीकडं बारसं होतं. रफीकभाईंनाही सहकुटुंब आमंत्रण होतं. निघताना माझ्या बायकोनं, सुनीतानं, विचारलं, "मी भाभींसोबत बसू का? गप्पा होतील."

जोराचा पाऊस होता. मी एकटाच त्यांच्या मागून चाललो. पोचल्यावर सुनीता उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत. मला आज कळलं."

मी जेवणात दोनदा मीठ मागितलं. मीठ बरोबरच होतं.

•

दिवाळीनंतर रफीकभाईंना पुण्यात नोकरी लागली. तिकडं त्यांना कंपनीची गाडी मिळणार होती, म्हणून त्यांनी आपली विकायला काढली. मी ती घेतली. दुसऱ्या कुणाला जाऊच दिली नसती.

ज्या दिवशी ते निघाले, त्या दिवशी अवकाळी पाऊस पडत होता. किल्ली माझ्या हातात देऊन त्यांनी बॅग उचलली.

"चला, ह्याच गाडीतून स्टेशनला सोडतो," मी म्हणालो.

"नको भई. तुमच्या गाडीतून चला."

"अहो, त्या काचेतून रस्ता दिसत नाही धड."

"व्हय, माहितीये." ते माझ्या जुन्या गाडीचं दार उघडून आत बसलेसुद्धा. "जाधव, एक सांगू का? मी लई जळायचो तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"तुमच्या आठवड्यात मॅडम बोलायच्या, तुम्ही बोलायचे, ट्रक आला की तिघं मिळून ओरडायचो. माझ्या गाडीत बसले की दोघंही खिडकीतून बाहेर बघत राहायचे. घरी जाऊन मी बेगमला विचारायचो, माझं काही चुकलं काय?"

मी गाडी सुरू केली, वायपर लावला. तो किर्र करत थरथरत फिरला. स्टेशन येईपर्यंत रफीकभाई एकसारखे बोलत होते.