नानकटाईचा डबा आणि घरची माणसं

आम्ही तिघी, मी, महादेवी आणि नरसम्मा, अजूनही कधी एकत्र बसलो की चहा हमखास गार होतो. कुणीतरी नानकटाईचा विषय काढतं. मग एकीचं बोलणं दुसरी मध्येच तोडते, "तसं नव्हतं गं, असं होतं," आणि गोष्ट दरवेळी थोडी थोडी लांबत जाते. सुना म्हणतात, एकदाचं लिहून तरी ठेवा. म्हणून हे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं-जेवायचं. आमच्या शाळेत शिवण आणि ड्रिल शिकवणाऱ्या कृष्णाताईंनी मुलींचं एक सेवापथक काढलं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिथं आम्ही लोकांना पाणी द्यायचो आणि चुकलेली पोरं सांभाळायचो. एका वर्षी चुकलेली एक लहान मुलगी उन्हानं चक्कर येऊन पडली. तिला निजवायला कुठं सावली नव्हती. तिची आई सापडेपर्यंत मी आणि महादेवी तिच्यावर पदर धरून उभ्या राहिलो.

घरी परतताना ताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपली राहुटी पाहिजे. वर्गणी मागायची नाही. नानकटाई करू आणि विकू."

"विकायचं कुणी?" महादेवीनं विचारलं.

"तुम्ही. घरच्यांनी पाहिजे ती मदत करावी. पण तोंड मुलीनंच उघडायचं."

*

आमच्या आईनं हे ऐकलं आणि ती उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता मला पथकातून काढणार. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात कढवलेल्या तुपाचा वास. आई म्हणाली, "शेजारच्या चार घरी सांगून आले. तिथल्या बायकाही लोणी साठवतायत. नानकटाईत तूप कमी पडलं तर ती दगड होते, आणि दगड विकताना तुमचीच फजिती व्हायची."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी वरणभातावर तूप दिसलं नाही. कुणी विचारलं की आई म्हणायची, "तूप जत्रेला गेलंय."

*

घरी भट्टी कुणाकडे असणार? पीठ मळून आम्ही पेठेतल्या करीमचाचांच्या बेकरीत नेलं. पाव काढून झाल्यावर भट्टी रिकामी असते, तेव्हा भाजून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. आम्ही नानकटाईचे गोळे पत्र्यांवर मांडले, तर चाचा लांबच उभे.

म्हणाले, "बेटी, पत्रे तुमीच सरकाओ. मैं हात नैं लगाता. कल को कोई पूछा तो तुमना झूट बोलना नक्को."

तो काळच तसा होता. बेकरीचा पाव कित्येक घरांत उंबऱ्याच्या आत येत नसे. ताई म्हणाल्या, "चाचा, हात लावा. आमच्या हातून करपेल सगळं. आणि कुणी विचारलंच तर आम्ही खरं तेच सांगू."

चाचांनी हात धुतले, पुसले, आणि लांब दांड्याचं फावडं उचललं.

खरं सांगितल्यामुळे काही दारं बंद झाली हेही खरं. आमच्या गल्लीतल्या सोवळ्याच्या काकूंनी विचारलं, "भाजलं कुणी?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला हाक मारून हातात एक पुडी ठेवली. आत सोललेले वेलदोडे.

म्हणाल्या, "मला चालत नाही ते नाही. पण तुमच्या नानकटाईला वेलदोड्याचा वास कमी येतो म्हणे."

*

महादेवीचे वडील धान्याचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी. तिच्या वाट्याचा डबा घरी आला तसा अप्पांनी अख्खाच विकत घेतला आणि नोकरांना वाटून टाकला. लेकीचं काम एका मिनिटात संपलं म्हणून ते भलतेच खूश. महादेवी रिकामा डबा घेऊन ताईंकडे आली. ताईंनी पैसे परत केले आणि दुसरा भरलेला डबा दिला. "अप्पांना म्हणावं, पैसे नकोत, जागा द्या."

अप्पा आधी रागावले, मग विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गादीजवळ, ज्वारीच्या पोत्यांपुढं तिला पाट मांडून दिला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले. मध्ये बोलायचा मोह नको म्हणून.

वैरागकडचा एक शेतकरी आला. नानकटाईची पुडी हातात घेऊन म्हणाला, "पोरी, वर एक टाक की."

महादेवीनं अप्पांकडं बघितलं. अप्पांची पाठ हलली नाही. मग तीच म्हणाली, "टाकते. पण वरची हितंच खायची. घरी न्यायची न्हाय."

त्यानं खाल्ली. "लई झ्याक हाय," म्हणाला आणि अजून दोन पुड्या घेऊन गेला.

अप्पांचे खांदे हसत होते, पण तोंड शेवटपर्यंत भिंतीकडंच होतं.

*

नरसम्माचं घर विणकरांचं, पूर्वभागातलं. घरी तेलुगू. नरसम्माला मराठी छान यायचं, पण चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिची आई म्हणाली, मी बरोबर येते. तिला मराठी अजिबातच येत नव्हतं. जाताना वाटेत तिनं लेकीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, "पोरींसाठी नानकटाई विकते."

पहिलंच दार एका मास्तरीणबाईंचं. नरसम्मा खाली मान घालून उभी. आईनं टोपली पुढं केली आणि ठणकावून सांगितलं, "नानकटाईसाठी पोरी विकते."

मास्तरीणबाईंच्या हातातली परात खाली आली. आईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं तेच आणखी मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोघी बाहेर आल्या.

आणि नरसम्मा आयुष्यात पहिल्यांदा परक्या दारात बोलली, "न्हाय हो बाई! मला न्हाय विकत. नानकटाई विकतो आमी, जत्रेतल्या राहुटीसाठी."

मग राहुटी म्हणजे काय, कशाला, हे तिला सांगावंच लागलं. त्या मुलीला चक्कर आली तेही सांगितलं. दारातल्या तिघी ऐकत होत्या. टोपली त्याच गल्लीत रिकामी झाली. परतताना आईनं तेलुगूत विचारलं, "मी बरोबर बोलले ना?" नरसम्मा म्हणाली, "अगदी बरोबर."

*

राहुटी आली. पांढऱ्या जाड कापडाची, दोऱ्या ताणायला चौघी लागायच्या. पुढच्या जत्रेत तिच्यात किती लेकरं येऊन निजली आणि आया येऊन रडल्या, ते बघायला आमची सगळ्यांची घरं आली होती. सोवळ्याच्या काकूसुद्धा.

पण विक्रीच्या दिवसांतला एक किस्सा राहिला. तो मी सांगायचा असतो, कारण तो माझ्या वडिलांचा, दादांचा आहे.

दादा कोर्टात कारकून. कमी बोलणारे. आमच्या भागात एक रावसाहेब राहायचे, मोठे सरकारी वकील. दादांना त्यांच्यापुढं रोज कागद घेऊन उभं राहावं लागायचं. मी त्यांच्या बंगल्यावर डबा घेऊन गेले, तर ते व्हरांड्यात दहा माणसांत बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "कुळकर्ण्याची ना तू? बापानं आता पोरीला दारोदार हिंडायला लावलं का?"

लोक हसले. मी तशीच परत आले. घरी कुणाला सांगणार नव्हते, पण आईनं चेहरा पाहिला आणि काढून घेतलं. दादा पाट ओढून जेवायला बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि जेवण पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टातून आल्यावर त्यांनी कोट काढला नाही, पगडी काढली नाही. म्हणाले, "शांते, डबा आण."

आम्ही चालत बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात पुन्हा माणसं होतीच. दादा पायरीवर माझ्या एक पाऊल मागं थांबले, दोन्ही हातांत डबा धरून.

रावसाहेब सावरून बसले. "कुळकर्णी? हे काय?"

दादा म्हणाले, "मी नुसता हमाल आहे, रावसाहेब. बोलायचं ते हिच्याशी बोला."

मी बोलले. राहुटीचं, जत्रेचं, पाण्याचं, करीमचाचांच्या भट्टीचं, सगळं. मध्ये कुणी हसलं नाही.

माझं झाल्यावर रावसाहेबांनी एकदा डब्याकडं, एकदा दादांकडं बघितलं. मग आत वळून त्यांनी गड्याला हाक मारली.

"खुर्च्या आण रे. दोन."