पाळण्यातली गोधडी आणि चांगुणाबाईचा जळफळाट

डोंगरकडा गावात चांगुणाबाईची गोधडी ओली न केलेलं लेकरू शोधून सापडायचं नाही. तीस वर्षं बाई जुन्या धोतरांचे थर घालून गोधड्या शिवत आलेली. आणि तिचीच लेक सुकन्या, बाळंतपणाला माहेरी आलेली, बारशाला आठ दिवस उरले तेव्हा म्हणाली, "माय, पाळण्यात तांड्यावरच्या मिराबाईची गोधडी घालावी म्हणते. फायबर भरती ती. लई मऊ र्‍हाती."

"घाल की. माझं काय जाऊन राहिलंय?" चांगुणाबाई म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड उगाच दोनदा आपटलं.

सख्ख्या नातीच्या पाळण्यात दुसरीची गोधडी! दुसर्‍या दिवशी विरजणाचं निमित्त काढून ती शेजारच्या जनकाबाईकडं गेली. तिच्या नातवाखाली मिराबाईची गोधडी होती. जनकाबाई आत वळली तशी हिनं वितीनं माप घेतलं. लांबी चार, रुंदी तीन. लगेच कळमनुरीहून फायबरचा कापसासारखा तागा आणून बराबर चार बाय तीन कापला.

पण धोतराचा थर जागचा हलत नाही, हे फायबर मात्र टाक्यागणिक आत सरकत गेलं. गोधडी पुरी झाली तेव्हा मधे फुगीर आणि चारी कडांना नुसतं कापड, कडेपर्यंत पुरण न पोचलेल्या पोळीसारखं.

आता काय? पिशवीत कोंबून बाई तांड्यावर गेली.

"भाचीनं केली गं ही. कुठं चुकलं बघ जरा."

मिराबाईनं टाक्यांवरून बोट फिरवलं. "भाचीचा हात अगदी तुमच्यावर गेलाय, मावशी."

चांगुणाबाईनं पदर सारखा केला.

"शिवलेल्या गोधडीचं माप धरलं वाटतं तिनं," मिराबाई म्हणाली. "भरण चारी बाजूंनी चार बोटं जास्त कापायचं. टाके मधून सुरू करायचे, कडेकडं जायचं. उरलंसुरलं शेवटी कापायचं." आणि एक तुकडा कापून, अंथरून दाखवलासुद्धा.

हेच तिनं लपवलं असतं, तर चांगुणाबाईला किती बरं वाटलं असतं! शिव्या द्यायला तरी जागा राहिली असती. वाटभर ती मिराबाईत खोट शोधत आली. शेवटी तिचा चहा पातळ होता, एवढंच हाती लागलं.

घरी येऊन सगळं उसवलं, नवं भरण चार बोटं वाढवून कापलं, दोन दिवस मान वर केली नाही. गोधडी अशी उतरली की सुकन्यानं गालाला लावली आणि मिराबाईचं नाव पुन्हा काढलं नाही.

बारशाला तीच पाळण्यात. चांगुणाबाई पाळण्याची दोरी सोडायला तयार नव्हती. जनकाबाईनं वाकून कड दाबून पाहिली.

"कडेपर्यंत भरलीय की! मिराबाईची ना?"

"मी शिवली!"

"व्हय?" जनकाबाई कौतुकानं म्हणाली, "अगदी मिराबाईसारखीच जमली बरं का तुमाला!"

चांगुणाबाईनं दोरीला असा हिसका दिला की नाव ठेवायच्या आधीच नात भोकाड पसरून उठली.