ठमीचं गवत

मत्स्यालयात त्याला सगळे पाणबुड्या म्हणायचे. टाक्यांत उतरून काचा घासायच्या, पंपांच्या जाळ्या मोकळ्या करायच्या, चारा टाकायचा, हे त्याचं काम. बोलणं बेताचं. घरी बायको त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची, त्यामुळे संसारात शब्दांचा तुटवडा कधी पडला नाही. लेक लग्न होऊन लांब गेली आणि मग मात्र बायको बोलायची ते भिंतींशीच जास्त.

एका सकाळी मच्छीमारांनी होडीतून समुद्रगायीचं पिल्लू आणलं. आई जाळ्यात अडकून गुदमरली होती आणि पिल्लू तिच्या अंगाला चिकटून राहिलं होतं. समुद्रगाय म्हणजे मासा नव्हे. ती पिलाला अंगावर पाजते, श्वासाला वर येते आणि समुद्राच्या तळावरचं गवत मुळासकट चरते. जगात ती सांभाळणारी मत्स्यालयं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. कोणी हौस करतं, आणणाऱ्याची वाहवा होते आणि जनावर झुरून मरतं.

"जगेल का?" मत्स्यालयाच्या साहेबांनी विचारलं.

"आशा धरू नका," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग पाणबुड्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "काका, हिच्या आईचं दूध काखेपाशी असतं. बाटली तिथे धरून बघा."

तो छातीभर पाण्यात उभा राहिला, बाटली काखेत दाबून. पिल्लू आधी भिंतीला धडकलं, मग त्याच्या पाठीला, मग पोटाला. दिवस कलला तरी तो जागचा हलला नाही. शेवटी त्याच्या काखेत काहीतरी राठ, केसाळ खुपसलं गेलं आणि चुपचुप असा आवाज सुरू झाला. पाणबुड्याला गुदगुल्या झाल्या. तो हसला आणि हसताहसता रडला. पण सगळं तोंड ओलंच, कोणाला कळणार?

घरी जाऊन त्याने कपडे बदलले, तेव्हा बायकोने नाक मुरडलं. "एवढा वेळ कुठे होतात? अंगाला वास बघा! सवत आणलीत की काय मला?"

दुसऱ्या दिवशी ती सवत बघायलाच आली. काचेपुढे उभी राहिली, पदर खोचून, भांडायच्या तयारीत. पिल्लू काचेशी आलं आणि तोंड काचेला दाबून राहिलं.

"अगं बाई! हिला तर मिशा आहेत!" ती म्हणाली. "आणि बूड बघा केवढं. ठमी कुठली!"

नाव पडलं ते पडलंच.

दूध सुटलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. ठमीला गवत हवं, तेही ताजं, मुळांसकट, आणि तळाशी रोवलेलं. वर तरंगणाऱ्या घासाला ती तोंड लावत नसे. खाडीच्या तोंडाशी गवताचं मोठं कुरण होतं. दोघं नवराबायको पहाटे होडी घेऊन जायची. तो बुडी मारून गवत उपटायचा, ती होडीत बसून निवडायची, माती झटकायची, टोपल्या भरायची आणि वरून सूचना करायची. "कोवळं आणा हो! माझ्या सवतीचे दात दुखतील!" मग टाकीपाशी बसून दोघं ते गवत जड चौकटींत एकेक जुडी करून खोचायची. ठमी दिवसभर चरायची. चौकटी रिकाम्या झाल्या की पाखरासारखी चिवचिवायची. एवढ्या मोठ्या देहातून एवढासा आवाज!

वर्षं गेली. ठमी होडीएवढी झाली. लांबलांबून लोक तिला बघायला यायचे, पण काचेच्या त्या अंगाला बायको दिसली की ठमी बाकीच्यांना पाठ दाखवायची. बायको तिला शेजारणीची गाऱ्हाणी सांगायची, लेकीचा फोन आला की तेही सांगायची. "ऐकून घेते बिचारी," ती नवऱ्याला म्हणायची, "तुमच्यासारखी पेंगत नाही."

मग बंदर वाढवायचं ठरलं. मोठाली यंत्रं आली, खाडीचा तळ खरवडू लागली. पाणी चहासारखं झालं. पाणबुड्या बुडी मारायचा तर हाताला नुसता गाळ लागायचा. जे गवत उरलं होतं त्याच्यावर चिखलाची साय धरलेली. पानं काळी पडली, मुळं कुजली. दोघं लांबच्या खडकांपर्यंत जाऊ लागली, मग त्याहून लांब. टोपल्या अर्ध्या यायच्या, मग तळाशी चार काड्या.

पालक आणला, कोबी आणला, लेट्यूस आणला. बायकोने चौकटींत खोचून बघितलं. ठमी हुंगायची, एक पान ओढायची, तोंडातल्या तोंडात फिरवायची आणि सोडून द्यायची. बायकोने बाह्या सावरल्या आणि खांद्यापर्यंत पाण्यात हात घातला. "खा गं माझे बाई. माझ्यासाठी खा." तिच्या हातचं ठमीने खाल्लं. थोडंच. उपकार केल्यासारखं.

फासळ्या दिसू लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाजूला घेतलं. दूरच्या एका मत्स्यालयात दोन समुद्रगायी होत्या, बाहेर गवताचं कुरण होतं आणि ते ठमीला घ्यायला तयार होते. "निर्णय साहेबांचा आहे," त्या म्हणाल्या, "पण काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना आग्रह करणार नाही."

घरी बायको चुलीपाशी पाठमोरी बसली होती. "लेक दिली ती माणसं पारखून दिली. हिला कोणाच्या दारात सोडताय?"

"तिथे गवत आहे."

"तिथे आपण नाही."

"इथे आपण आहोत," तो म्हणाला, "पण खायला काय घालणार?"

तिने चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे केलं.

ठमीला झोळीत उचललं तेव्हा बायको आली नाही. पाणबुड्या ठमीच्या पाठीवर ओली फडकी घालत राहिला. गाडीत फक्त डॉक्टरीणबाईंनाच जागा होती. दार लागताना ठमी चिवचिवली. तो गाडीमागे फाटकापर्यंत चालला, मग पहारेकऱ्याने त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

काही दिवसांनी दुपारी साहेबांनी त्याला फोनवर बोलावलं. तिकडचा, ठमीची देखभाल करणारा रखवालदार बोलत होता. माणूस चांगला होता, आवाजावरून कळत होतं. "दादा, गवत भरपूर आहे, पण ती तोंड लावत नाही. तुम्ही काय करायचा? काही म्हणायचा का तिला?"

पाणबुड्याने दाराकडे बघितलं. बायको डबा घेऊन आली होती. तिने फोन हिसकावून घेतला. "भाऊ, तिला ठमी म्हणा. रागावून म्हणा, लाडाने नको. आणि शेजारी बसून काहीतरी बोलत राहा. काहीही बोला. घरचं बोला."

"बोलतो, ताई," तो म्हणाला. आणि तो बोललाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, तो टाकीच्या काठावर बसून आपल्या म्हाताऱ्या आईच्या गुडघेदुखीबद्दल तासन् तास बोलत होता. ठमी वर यायची, श्वास घ्यायची, त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा तळाशी जाऊन पडायची. एकदा ती वर आलीच नाही.

बातमी आली तेव्हा पाणबुड्या पंपाची जाळी धूत होता. ती पुरती धुऊन त्याने जागेवर बसवली.

ठमीच्या टाकीत आता रंगीत मासे सोडले होते. लोक खूश होते. बायकोने मत्स्यालयात येणं सोडलं. डबा तो सकाळीच बरोबर न्यायचा. घरात ती बोलायची ते कामापुरतं. 'मी म्हटलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानेच विषय काढला. "एकदा म्हणून टाक ना. पाठवायला नको होतं म्हण."

ती फडताळ पुसत होती. फडकं हातातच राहिलं. "ठेवली असती तरी मेलीच असती," ती म्हणाली. "फक्त माझ्या हाताखाली मेली असती, एवढंच. मला तेवढंच हवं होतं हो. दुसरं काही नको होतं."

मग ती खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली, शेजारपाजारची पर्वा न करता. पाणबुड्या तिच्याजवळ सरकला. त्याने तिच्या हातातलं फडकं सोडवून घेतलं आणि तिचा हात आपल्या काखेशी घट्ट दाबून धरला.