मागच्या दाराने आलेल्या बाई

शाळेत तिला ‘शॉर्टकट’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. औषधांच्या दुकानात निम्मी उमर घालवून ती शिकवण्याकडे वळली, तीही नव्या वाटेने. आठवड्यातले चार दिवस वर्ग घ्यायचा, पाचव्या दिवशी कॉलेजात जायचं आणि वर्षअखेर परीक्षकासमोर एक पाठ द्यायचा. त्यात पास झाली की पक्की शिक्षिका.

“आम्ही कॉलेजात दोन वर्षं घासली, वहिनी,” शिक्षिका असलेली नणंद जेवताना म्हणाली. “तुम्ही मागच्या दाराने शिरलात.”

“दार कुठलंही असो, आत कुणी भेटायला नको?” तिने ताट सरकवलं.

खरंच होतं ते. वाट वाईट नव्हती, कागदावर तर झकासच होती. वर्गात मागे एक अनुभवी बाई बसणार, चुका दाखवणार. पण तिच्यासाठी नेमलेल्या थोरल्या बाईंना हेडमास्तरांनी पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बिनशिक्षकाच्या वर्गावर धाडलं. शिकाऊ आली, म्हणजे एक माणूस वाचला! पोहायला शिकवतो म्हणायचं, विहिरीत ढकलायचं आणि आपण घरी जेवायला जायचं, त्यातला प्रकार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हेडमास्तर डोकावले. “उद्याचा पाठ आजच घेऊन टाका. सगळे तसंच करतात. उगाच शोभा नको.”

ती घाबरलेली होती. घेतला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई मागच्या बाकावर बसल्या. विषय अपूर्णांक. तिने कोरा कागद हातात धरला, अजून घडीही घातली नव्हती, तोच पुढची मुलगी ओरडली, “एक चतुर्थांश!”

शेजारचा उठला. “बाई, मी आत्ता चुकू की नंतर?”

परीक्षक बाईंनी तोंडावर रुमाल धरला. दारातून हेडमास्तर डोळे वटारत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांकडून चुकासुद्धा घोटून घेतल्या होत्या! आणि घेणारी कोण, तर तीच.

तिने खडू खाली ठेवला. “हा पाठ काल झालाय, मॅडम. करून घ्या म्हणाले, मी केला. वर्षभर या वर्गात मागे कुणी बसलं नाही. तुम्ही पहिल्याच.”

“मग मी तुम्हांला पास कशी करू?”

“नका करू.”

नाही केलं. सहा महिन्यांनी पुन्हा पाठ. पण जाताना परीक्षक बाईंनी हेडमास्तरांना बजावलं, की मागच्या बाकावर थोरल्या बाई दिसल्या नाहीत, तर या शाळेला पुन्हा शिकाऊ मिळणार नाही.

“शाळेची अब्रू घालवलीत,” हेडमास्तर गुरगुरले.

“होती तेवढीच गेली, सर.”

सोमवारी थोरल्या बाई खरोखर येऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “तू फळ्याशी बोलतेस. लिहून झालं की वळ, मग बोल. आणि प्रश्न विचारलास की गप्प राहा जरा. पोरांच्या आधी तूच उत्तर देतेस.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाने. “हे मला पहिल्या आठवड्यात सांगता आलं नसतं?”

“आलं असतं की. मला पाठवलं, मी गेले. भांडायला हवं होतं, नाही भांडले.” थोरल्या बाईंनी बाकावर जागा केली. “आता रागव हवं तेवढं, पण ऐक. अजून पुष्कळ आहे. बस.”