टेस्ट चालू असताना आलेला धक्का

जमीन हलली तेव्हा मी खालच्या मजल्यावर बी.ए.च्या दहा-बारा मुलांना ‘राज्य म्हणजे काय’ हे शिकवत होतो. राज्य तिथंच टाकून सगळे मैदानात पळाले. मोठ्या भूकंपानंतर लातुरात एवढं कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

आमचं कॉलेज छोटं, फक्त आर्ट्सचं. म्हणजे गावाच्या मते, ज्यांचं कुठंच काही होत नाही त्यांची सोय. मुलं कट्ट्यावर गप्पा मारत, नाटक बसवत, कधीमधी तासालाही येत. वरचा मजला संस्थेनं कोचिंग क्लासला दिला होता. तिथं भावी डॉक्टर घडत. त्यांना हसायला वेळ नसे.

मैदानात आमची विद्यार्थिनी नसरीन वर बघून ओरडली, “सर, वरून कुणीच उतरलं न्हाई! माझा भाऊ हाय तिथं.”

आम्ही दोघं वर धावलो. दारात क्लासचे सर उभे.

“मुलांना खाली सोडा,” मी म्हणालो.

“टेस्ट चालू आहे.”

“अहो, धक्का बसलाय!”

“बोर्डाच्या पेपरला बसला तर? कॉन्सन्ट्रेशन शिकवतोय मी.”

आत बाकांवर छताचा गिलावा पडला होता. मुलं तो फुंकून गणितं सोडवत होती.

नसरीन सरांना ओलांडून आत घुसली. तिनं भावाचं मनगट धरलं.

“आपा, दोनच सवाल राहिलेत,” तो रडवेला झाला.

“ऊठ! डॉक्टर व्हायला आधी जित्तं राहावं लागतं.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खा वर्ग हसला आणि हसत हसतच उठला. आम्ही जिन्यात असताना दुसरा धक्का आला. वर छताचा मोठा तुकडा बाकांवर कोसळला. बाकं रिकामी होती.

आम्ही सगळे खाली आलो. मी मैदानातच बसलो. आमच्या पोरांनी तोवर भावी डॉक्टरांना कबड्डीत ओढलं होतं. त्यातल्या काहींनी ऊन बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. “तुम्ही परीक्षेत व्यत्यय आणलात, अशी क्लासची तक्रार आहे.”

“आणि छत?”

“छताची तक्रार नाही आलेली.”

मला मेमो मिळाला, म्हणजे नोकरीतली लेखी कानउघाडणी. क्लासनं जाहिरात दिली : ‘भूकंपातही न डगमगणारे विद्यार्थी’. टेस्ट पुन्हा झाली. नसरीनचा भाऊ या वेळी दाराजवळच्या बाकावर बसला, असं तिनं सांगितलं.

नोकरीत मी एवढंच शिकलो : इमारत हलली की आधी मुलं खाली आणावीत. मेमोचं उत्तर सावकाश लिहिता येतं.