फळीआत्याच्या आडव्या रेघा

माझी आत्या लाकडी जमिनीची राखणदार होती. अशी नोकरी असते हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या गावाच्या टोकाला बास्केटबॉलचं मोठं बंदिस्त मैदान आहे. उंच छप्पर, पूर्वेला खिडक्यांची रांग आणि खाली मधाच्या रंगाच्या अरुंद फळ्यांची जमीन. त्यातली एकेक फळी आत्या ओळखायची. कुठली दमट हवेत फुगते, कुठली पायाखाली कुरकुरते, कुठल्या फळीत गाठ आहे, सगळं तिला तोंडपाठ. सैल फळीखाली ती पाचर ठोकायची, खरबरीत झालेली घासून सारखी करायची आणि खेळाडूंच्या बुटांचे काळे ओरखडे गुडघ्यांवर बसून टर्पेंटाइनच्या फडक्यानं काढायची. गावानं तिचं नाव ठेवलं फळीआत्या. सख्खा भाचा मी एकटाच, पण तिला आत्या म्हणायचा हक्क माझ्या एकट्याकडे कधी राहिलाच नाही.

हंगामाआधी बारा व्यावसायिक संघांपैकी सहा आमच्याकडे सरावाला यायचे. एकेक संघ आठ दिवस. त्या दिवसांत गावाला दुसरा विषय नसे. कोण जिंकणार, कोण बुडणार, यावर जो तो पैजेच्या आवेशात बोलायचा. मैदानासमोरच्या न्हाव्याच्या दुकानात तर अर्धी दाढी झालेली माणसंसुद्धा उठून वाद घालायची.

आत्या त्या वादात पडायची नाही. ती एकच गोष्ट सांगायची, यंदा आपल्याला तोंडघशी कोण पाडणार. जिंकणाऱ्याचं नाव तिनं कधीच घेतलं नाही. "जिंकायला नशीब लागतं," ती म्हणायची, "आणि नशीब काही माझ्या फळीवर चालत येत नाही. निराशा मात्र पायांनी चालत येते. ती मला दिसते." शेवटच्या नंबरच्या संघाचं नावही ती घेत नसे. "त्यांच्याकडून कुणाला आशाच नाही, ते बिचारे निराश कुणाला करणार?"

तिची रीत अशी होती. संघाच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी सराव अर्ध्यावर आला की खेळाडू पाणी प्यायला थांबायचे. तेवढ्यात आत्या सगळी जमीन लखलखीत पुसून घ्यायची. त्यानंतर उमटतील त्या रेघा दमलेल्या पायांच्या. त्या रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी खिडक्यांतून कोवळं ऊन तिरपं आलं की गाल जवळजवळ फळीला टेकवून ती वाचायला बसायची. टोपलीकडे धावत जाणाऱ्या माणसाच्या रेघा उभ्या असतात. समोरच्याला अडवायला जो बाजूला सरकतो, त्याच्या आडव्या, आखूड, जाड आणि काळ्याकुट्ट.

"टाळ्या उभ्या रेघांना मिळतात," ती मला सांगायची. "त्यामुळे दमलेला माणूससुद्धा टोपलीकडे धावतो. आडवं सरकायला टाळी नाही. दमल्यावरही जो संघ आडवा सरकतो, तो घात करत नाही. ज्याच्या आडव्या रेघा दमल्यावर विरळ होतात, त्याचं नाव लिहून ठेव."

नाव न्हावी लिहायचा. त्याच्या आरशाशेजारी एक काळी पाटी होती. वर मोठ्या अक्षरांत 'यंदा तोंडघशी', खाली आत्यानं सांगितलेलं नाव, आणि कोपऱ्यात आजवरची गोळाबेरीज. एकोणीस वर्षं, चौदा बरोबर, पाच चूक. चुकांचा आकडा आत्या स्वतः तपासायची. बरोबरचा कधी तपासला नाही.

त्या वर्षी मात्र पंचाईत झाली. आमचा स्वतःचा संघ हिरव्या कपड्यांचा. वर्षानुवर्षं मधेच कुठंतरी लोंबकळणारा. त्यानं नवा तरुण कोच आणला आणि एक प्रचंड उंच खेळाडू. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मिनार ठेवलं. वर्तमानपत्रात खेळाचं पान लिहिणाऱ्या गृहस्थांनी आमच्या हिरव्यांना चक्क पहिला नंबर दिला. गाव हरखून गेलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणीचं दार हिरवं रंगवलं आणि रंग ओला असताना त्यालाच टेकला. आठ दिवस पाठ हिरवी घेऊन फिरला, तीही मिरवत.

हिरव्यांचा मुक्काम सगळ्यांत शेवटी होता. आधीच्या पाच संघांत आत्याला नाव घेण्यासारखं कुणी दिसलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तिचे गुडघे इतके सुजले की पाणी प्यायच्या वेळची पुसणी तिनं कशीबशी उरकली आणि घरी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हात धरून मैदानात नेलं. ऊन तिरपं पडलं होतं. ती वाकली, गाल फळीजवळ नेला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"उभ्याच आहेत," ती म्हणाली. "सगळ्या उभ्याच."

मीही वाकून पाहिलं. खरंच, टोपलीकडे धावणाऱ्या फिकट रेघांचं जाळं होतं आणि आडवी रेघ शोधून सापडेना.

ती उठली ती थेट न्हाव्याकडे गेली. तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता.

"लिही. हिरवे."

"आत्या, चेष्टा करताय काय? आपले हिरवे?"

"दुसरे हिरवे आहेत का कुठे?"

"माझा हात थरथरतोय हो."

"तुझा हात थरथरतो म्हणतोस आणि त्याच हातात वस्तरा धरतोस?"

साबण लावलेला माणूस खुर्चीतच सावरून बसला. न्हाव्यानं नाव लिहिलं.

दुपारपर्यंत गाव पेटलं. गिरणीवाला दारात येऊन ओरडून गेला, "ज्या मैदानावर पोट भरतेस, त्याच्याच पोरांना बट्टा लावतेस? खाल्ल्या घरचे वासे मोजतेस!" आत्या आतून म्हणाली, "वासे, फळ्या, सगळंच मोजते. ते माझं कामच आहे." पण त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. लोक बोलतात याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पण कोच येऊन गेला होता. तिशीतला पोरगा, डोळ्यांखाली काळं आलेलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आत्या, तुमच्या पाटीवर नाव आलेलं पोरांनी पाहिलंय. मिनार सकाळपासून कुणाशी बोललेला नाही. तुमचं सहसा चुकत नाही, म्हणून जास्त लागलंय."

"मी काय करू बाळा? जे दिसलं ते सांगितलं," आत्या म्हणाली. तो गेल्यावर मात्र दाराकडे बघत राहिली. वीस वर्षांत गावानं तिला मान दिला तो एवढ्याच एका गोष्टीसाठी. दिसेल तेच सांगते, कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. तोच मान आता तिला जड झाला होता.

चार दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आणि चेंडू गोल असतो याहून जास्त त्यांना खेळातलं काही कळत नसे. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि जरा लाजतच विचारलं, "गुडघे बरे आहेत ना गं आता?"

"आहेत बरे."

"असणारच. तुला सांगणार नव्हतो, पण त्या दिवशी तू येऊन पडलीस ना, तेव्हा संध्याकाळी किल्ली घेऊन मीच गेलो होतो. फिकट डाग राहू दिले, ते काय फडकं फिरवलं की जातात. ते जाड, काळे, आडवे होते ना, तेवढे टर्पेंटाइननं घासून काढले. म्हटलं, अवघड तेवढं आपण करावं. वास राहू नये म्हणून खिडक्यासुद्धा उघडून ठेवल्या."

आत्याचा घास हातातच राहिला. मला आतल्या आत हसू फुटत होतं.

"किती होते?" तिनं विचारलं.

"अगं, ढीगभर! दोन तास लागले. कंबर मोडली माझी."

"चाळीस वर्षांत तुम्ही या घरातली एक वाटी विसळली नाहीत," आत्या हळू आवाजात म्हणाली, "आणि नेमकी त्या दिवशी तुम्हाला हौस आली."

तेव्हा त्यांना उलगडा झाला. चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं तू वाचून आलीस. अगं, मला काय ठाऊक सकाळी वाचतात ते!" मग थोड्या वेळानं, समजूत घालायला म्हणून, "जाऊ दे ना. कुणाला कळणार आहे? हिरवे काय, पडतीलही. नेहमीच पडतात. मग तुझंच खरं होईल."

"पडले तरी ते मला दिसलेलं नसणार. न दिसलेलं सांगायला मी काय पिंजऱ्यात पोपट घेऊन बसलेय?"

तिनं हात धुतला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी न्हाव्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते. आत्यानं तीच वेळ धरली. मी आणि आतोबा मागे. न्हाव्यानं तिला पाहून झटकन फडकं उचललं, "पुसू का आत्या? मी कुणाला काही बोलणार नाही."

"पुसू नकोस. पुसण्यानंच घोळ झालाय. नावावर रेघ मार आणि खाली लिही, चूक फळीआत्याची."

हिरव्या पाठीचा गिरणीवालाही तिथंच होता. तो म्हणाला, "का? आता घाबरलीस?"

"घाबरले असते तर घरी बसले असते. मी वाचायच्या आधी जमीन कुणीतरी पुसली होती. खिडक्या उघड्या होत्या, मी विचारलं नाही. सराव झालेल्या जमिनीवर आडवी रेघ एकही नाही, असं कधी होतं का? ते बघूनच मला कळायला हवं होतं. जिचा जन्म जमीन पुसण्यात गेला, तिला पुसलेली जमीन ओळखू येऊ नये, ही चूक माझीच."

पुसणाऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. पण आतोबांना राहवेना. दारातूनच ते म्हणाले, "मी पुसली." सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि हळूहळू एकेक जण हसायला लागला. गिरणीवाला म्हणाला, "आतोबा, आमच्याही घरी या की एकदा!"

कोचला बातमी पोचली तसा तो पळतच आला. "आत्या, मग आमच्या आडव्या होत्या!"

"होत्या असं हे म्हणतात. मी पाहिल्या नाहीत. दमल्यावरच्या होत्या की एखाद्या मुलाचे पाय घसरले म्हणून होत्या, मला काय ठाऊक?"

"उद्या पुन्हा खेळून दाखवतो. तुम्ही वाचा."

आत्या हसली. "मला दाखवायला खेळलात तर खेकड्यासारखे आडवेच पळाल सगळे. नको. तुमच्याबद्दल यंदा माझ्याकडे शब्दच नाही. जा, मिनारला तेवढं सांग."

असा पाटीवर तो हंगाम एका खोडलेल्या नावानं सुरू झाला.

आणि हिरवे पडले. साधेसुधे नाही, सपाटून पडले. मिनारचा खांदा निखळला, उरलेले आपापसांत कुरकुरले, आणि बारांत आमचा नंबर दहावा आला. खेळाचं पान लिहिणाऱ्यांनी आपला पहिला नंबर कुणाला आठवू नये म्हणून दुसऱ्याच विषयावर लेख लिहिला.

शेवटचा सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी न्हावी खडू नाचवत आमच्याकडे आला. "आत्या! खरं झालं! शेवटी तुमचंच खरं झालं! ती रेघ पुसतो आणि पंधरा बरोबर लिहितो. गावातले सगळे म्हणतायत, लिहाच."

आतोबांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं, खरं सांगतो. आत्या फडक्याची घडी घालत होती.

"चौदाच लिही," ती म्हणाली. "आणि चुका सहा."

"अहो, पण हिरवे पडले ना!"

"ते पडले ते त्यांच्या खांद्यानं आणि त्यांच्या भांडणानं. माझ्या वाचण्यानं पडले का? मी पुसलेल्या जमिनीवरून सांगितलं होतं. ते बरोबर आलं तरी चूकच. सहा लिही. मी संध्याकाळी बघायला येईन."

न्हावी पुटपुटत गेला. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पाटीवर चौदा आणि सहा होतं. सहाचा आकडा त्यानं मुद्दाम बारीक काढला होता. आत्यानं त्याच्या हातातून खडू घेतला आणि सहा चौदाएवढा मोठा केला.

पुष्कळ माणसं मी पाहिली. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसणारी, आपला अंदाज चुकला तर आभाळाला दोष देणारी. नशिबानं बरोबर ठरलेला शब्द परत करणारी मी एकच पाहिली. ती माझी आत्या आहे, हे मी कुठंही छाती काढून सांगतो.

पुढच्या वर्षी हिरव्यांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानात गेलो, तर कोच आधीच येऊन दारात उभा होता. पाटीवर काय येणार ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "आत्या, मला वाचायला शिकवाल का?"

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आधी बूट काढ," ती म्हणाली. "आणि वाक. अजून वाक. मान नाही रे, कंबर!"